बारावा दगड

नाना जमीन मोजायच्या आधी तिच्यावर झोपायचे. हे मी चेष्टेनं सांगत नाही. नाशिकच्या आमच्या मोजणी कचेरीत याबद्दल त्यांच्याकडून दोनदा खुलासा मागवला गेला होता आणि दोन्ही खुलासे मीच टाइप केले होते. पहिल्यात त्यांनी लिहून दिलं होतं, "जमीन उभ्यानं पाहिली तर फक्त लांबी-रुंदी दिसते." दुसऱ्यात एवढंच, "पहिल्याप्रमाणे."

ते भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. मी त्याच कचेरीतली कारकून. त्यांनी रानात जाऊन कच्चा नकाशा काढायचा आणि मी तो पक्का करून घ्यायचा, याद्या बनवायच्या, बाडं बांधायची, अशी आमची वाटणी होती. कचेरीतल्या बाकी सगळ्या स्त्रिया हळूहळू 'मॅडम' झाल्या, पण नानांच्या तोंडी मी शेवटपर्यंत 'बाई'च राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही. मॅडम म्हणून कुणी माझं काम हलकं केलेलं नव्हतं.

उंच, किंचित वाकलेला माणूस. गावाची शीव आली की बूट काढून जीपमध्ये ठेवायचे आणि अनवाणी उतरायचे. "बुटाला काय कळतंय," म्हणायचे. अंतर नेहमी पावलांत सांगायचे. कचेरीपासून चहाची टपरी दोनशे बारा पावलं. मध्येच कुणी हाक मारली आणि मोजणी तुटली, तर मुकाट्यानं परत आपल्या टेबलापाशी येऊन पहिल्यापासून निघायचे. त्यामुळे त्यांच्या वाट्याचा चहा पुष्कळदा गार झालेला असायचा. आम्ही मुद्दाम हाका मारायचो, हेही कबूल करते.

सायखेड्याला दोन भावांचा बांधावरून वाद होता. बोलाचाल बंद, पोरंसोरंसुद्धा एकमेकांच्या अंगणात जात नव्हती. नाना गेले आणि बांधावरच्या बाभळीखाली तोंडावर टोपी घेऊन जे आडवे झाले ते तीन वाजेपर्यंत. भाऊ दोन बाजूंना वाट पाहत बसले. तासाभरानं एकानं विचारलं, "पाणी हाय का तुझ्याकडं?" दुसऱ्यानं कळशी सरकवली. मग विहिरीच्या मोटरचा विषय निघाला, मग आईच्या गुडघ्यांचा. नाना उठले तेव्हा दोघे एकाच फडक्यातली भाकरी खात होते. "दगड कुठं बसवायचा?" नानांनी विचारलं. दोघांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं. साखळी लावून पाहिली, तर जुन्या नकाशातली जागाही तीच. "झोपंत मोजली," असं थोरला भाऊ पुढं कितीतरी दिवस सांगत फिरत होता. मला विचाराल तर यात चमत्कार काही नाही. भुकेल्या माणसांना तीन तास बसवून ठेवलं की ती जेवतात. पण दुसरा कुठलाही मोजणीदार त्यांना तीन तास बसवून ठेवत नाही, हेही तितकंच खरं.

कचेरीच्या दृष्टीनं त्यांचा मोठा दोष झोप नव्हती, पेन्सिल होती. नकाशावर हद्द, विहीर, नाला, रस्ता यांच्या ठरलेल्या खुणा असतात. नाना त्या शाईनं नीट काढायचे, आणि मग पेन्सिलीनं आपल्या पदरच्या खुणा भरायचे. तीन तिरप्या रेघा म्हणजे इथं वारा लागतो. नागमोडी रेघ म्हणजे दुपारीही जमीन गार. टिटवीच्या पायाचा ठसा म्हणजे टिटवीची अंडी. घोटीकडच्या भातखाचरांचा एक नकाशा त्यांनी आणला, तो सगळा बारीक ठिपक्यांनी भरलेला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काजवे, साहेब. काम उरकायला सांज झाली होती."

"शासनाला काजव्यांचं काय करायचंय?"

"काही नाही. म्हणून तर पेन्सिलीनं काढलेत."

ते खोडायचं काम माझ्याकडे असे. चारच्या चहानंतर मी मऊ खोडरबर घेऊन बसायची. वारा खोडायची, गारवा खोडायची, टिटव्या खोडायची. नाना समोरच्या टेबलावरून शांतपणे बघत असत. कागदावर रबराचा भुगा साठला की आपला रुमाल पुढं करायचे. त्यांनी एकदाही 'नका खोडू' म्हटलं नाही. मीही एकदाही विचार केला नाही. मला पक्का नकाशा स्वच्छ लागतो. घरीही मी ओट्यावर पाण्याचा थेंब राहू देत नाही.

आता हे सगळे जुने नकाशे स्कॅन होऊन संगणकात जातात. तपासणीचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात स्कॅनिंगच्या मुलीनं मला बोलावलं. "मॅडम, या नकाशावर डाग दिसतोय. साफ करू का, हो की नाही, असं विचारतंय." मी चष्मा लावून पडद्याशी वाकले. नांदगावकडच्या एका माळाचा नकाशा होता. त्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं काहीच नसायला हवं तिथं, एक फिकट अर्धवर्तुळ होतं. एका बाजूनं उघडं, आत एक टिंब. पेन्सिल मी कधीच खोडली होती. पण नाना पेन्सिल दाबून चालवायचे. कागदावर पडलेली खाच राहिली होती आणि त्या यंत्राच्या उजेडाला ती दिसली होती.

"थांब जरा," मी म्हणाले.

त्या माळाची गोष्ट अशी. तो त्या गावाचं गायरान होता, म्हणजे गुरं चारायची सामायिक जमीन. पण गावापासून इतका लांब की मेंढ्या तिथवर न्यायच्या तर दिवस जायचा. माळावर नुसतं गवत आणि हरणं. काळविटांचे कळपच्या कळप. उलट गावाला लागूनच वनखात्याची एक पट्टी होती. तिच्यावर नावाला वन, प्रत्यक्षात एक झाड नाही, एक जनावर नाही. तेव्हा वर कुणाला तरी सुचलं की अदलाबदल करावी. जवळची पट्टी गावाला चराईसाठी, लांबचा माळ वनखात्याला हरणांसाठी. सरकारी जमीन सरकारी जमिनीला. इतका सगळ्यांच्या सोयीचा प्रस्ताव माझ्या टेबलावरून फारसा गेलेला नाही.

कुठली जमीन द्यायची आणि कुठली घ्यायची, याची यादी मी केली. जमिनीचा खडकाळ, नाल्याचा, लागवडीला न येणारा भाग आमच्या दप्तरात 'पोटखराब' म्हणून वेगळा दाखवतात. माळाच्या उत्तरेचा सगळा कोपरा पोटखराब होता. मी तो वगळला. वनखातं सपाट जमीन देतंय आणि आपण बदल्यात धोंडे देतोय, असं उद्या कुणी म्हणायला नको. इकडं चांगली तर तिकडंही चांगली, जितक्यास तितकी. खराब तेवढी गावाच्या गायरानात राहील, कुणाचं काय बिघडतंय. साहेबांनी यादी बघून मान डोलावली. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. आणखी एका टेबलावर एका खडीवाल्याचा अर्ज होता. त्याला त्याच गावातली खडकाळ गायरान जमीन खाणीसाठी भाड्यानं हवी होती. तो अर्ज मला ठाऊक होता. पण ते माझं टेबल नव्हतं.

शेवटच्या मोजणीला मीही माळावर गेले, पंचांच्या सह्या घ्यायच्या होत्या म्हणून. संक्रांत होऊन गेली होती. नानांचा नोकरीतला तो शेवटचा महिना. जीप थांबली, त्यांनी बूट काढले आणि गवतात शिरले. पंचांमध्ये एक मेंढ्या राखणारी बाई होती, साठीची, गावात तिला सगळे आक्का म्हणत. तिनं अंगठा न उठवता झोकात सही केली आणि मला विचारलं, "बाई, जवळची पट्टी खरंच मिळंल ना? का कागदावरच?"

"खरंच मिळेल."

"नाय, माझे पाय आता इथवर येत नाय. मेंढ्यांचे येत्यात."

सह्या झाल्या, पंच परतले. मला चारच्या आत निघायचं होतं. नाना उत्तरेच्या कोपऱ्यापाशी उभे होते. त्यांनी मला हाक मारली.

"बाई, त्या नाल्यापर्यंतचे हद्दीचे दगड मोजून येता? जुन्या टिपणात अकरा आहेत."

हे काही माझं काम नव्हतं. पण जाणारा माणूस आहे म्हणून मी गेले. गवत कमरेएवढं, पिवळं पडलेलं, कुसळं साडीला आणि मोज्यांना चिकटत होती. मी मोजत गेले आणि परत येऊन सांगितलं, "बारा."

"परत मोजा."

मी परत गेले. या वेळी अकरा भरले. मी मोजण्यात चुकत नाही. बाराव्याची जागाही मला पक्की आठवत होती, आठव्या दगडाच्या पुढं, जरा खाली. तिथं गवत तेवढं दबलेलं होतं. हात लावला तर कोमट लागलं. उन्हानं असेल, मी स्वतःला म्हटलं.

"एक दगड गेला," मी नानांना सांगितलं.

"हो. उठून गेला असेल. बसा जरा."

"नाना, जीप उभी आहे."

"उभी असू दे. तिला चाकं आहेत, पळून जायची नाही असं नाही, पण ड्रायव्हर झोपलाय."

मी बसले. गवतात बसलं की माळ नाहीसा होतो. आभाळ राहतं आणि काड्या राहतात. नाना माझ्यापासून चार हातांवर आडवे झाले होते, तेही दिसेनात. आधी मला फक्त कुसळं टोचत होती. मग आवाज यायला लागले. गवताचा एक आवाज असतो, तो वाऱ्याचा नसतो. वारा पडला तरी तो चालूच राहतो. ऊन सगळ्या काड्यांमधून गाळून येत होतं आणि जमिनीला टेकेपर्यंत त्याला काही वजन उरत नव्हतं. मला फाइल आठवली, संध्याकाळची भाजी आठवली, मग काहीच आठवेना. पाणी वाहत नसलेल्या त्या नाल्यातून मला पाण्याची झुळझुळ ऐकू येत होती असं मी आजही शपथेवर सांगेन, आणि तिथं पाणी नव्हतं हेही.

मग समोर, काड्यांच्या फटीत, हरणी उभी होती. ती चालत आली नाही, आधी नव्हती आणि मग होती. दहा-बारा पावलांवर. ती माझ्याकडे बघत नव्हती, आठव्या दगडाकडे बघत होती. त्या दगडाच्या सावलीतला आणखी एक दगड हलला, त्याला कान फुटले, तो चार पायांवर उभा राहिला आणि तिच्या पोटाखाली शिरला. मातीच्या रंगाचं, एवढंसं पाडस. पलीकडे आणखी एक हरणी होती. तिच्याही पायाशी एक दगड.

घड्याळ पाहिलं तेव्हा वीस मिनिटं झाली होती. ती मिनिटं कुठं गेली ते मला सांगता येणार नाही.

"ती पोरं इथंच ठेवतात," नाना गवतातून बोलले. "तिकडं सपाटीवर कोल्ह्या-कुत्र्याला लांबून दिसतं. इथं दगडांत दगड होऊन पडून राहतात. आई चरायला सपाटीवर जाते. हा कोपरा तुमच्या यादीत आहे?"

मला यादी पाठ होती. "नाही. पोटखराब मी वगळलंय."

"हं."

"तुम्ही आधी का बोलला नाहीत?"

"मी काढलं होतं की. अर्धं वर्तुळ, आत टिंब."

"मी खोडलं ते." मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. "नाना, त्या अर्ध्या वर्तुळाचा अर्थ कुणाला माहीत होता? तुम्हाला एकट्याला. तोंडानं सांगितलं असतं तर?"

नाना गवतातून उठून बसले. मग ते म्हणाले, "ते माझं चुकलं." आणि थोड्या वेळानं, "मी या नकाशावर सही करणार नाही, बाई. पण माझं काय, मी महिनाअखेर जाणार. नवा माणूस टेबलावरूनच करील."

परतताना मनमाडपर्यंत मी साडीतली कुसळं एकेक काढून रुमालात ठेवत होते. माळ वनखात्याला मिळणार होता, कागदावर सगळी हरणं सुरक्षित होणार होती. फक्त त्यांची पोरं जिथं निजतात तेवढी जागा बाहेर राहणार होती, खडीवाल्यासाठी. आणि ती मी, नीट विचार करून, बाहेर ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी टिपणी लिहून साहेबांपुढं ठेवली. पोटखराब कोपरा यादीत घ्यावा, तेवढीच सपाट जमीन दक्षिणेकडून गावाला सोडावी, फेरमोजणी आणि ग्रामसभेचा नवा ठराव करावा.

साहेबांनी दोनदा वाचली. वाईट माणूस नव्हता तो. "मॅडम, प्रस्ताव सोमवारी वर जायचाय. आणि तुमचाही कागद त्याच टपालात आहे."

"माहीत आहे, साहेब."

"बरं, निदान 'नजरचुकीने राहिले' असं तरी लिहा."

"नजरचूक नव्हती. मी बघून वगळलं होतं."

त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. "नानांच्या शेजारी बसून तुमचंही काहीतरी झालंय," ते म्हणाले, आणि सही केली. माझा कागद त्या टपालात गेला नाही. ज्या कारकुनाच्या हातून प्रस्ताव परत आला, तिची बढती त्याच आठवड्यात कशी करणार? त्यांच्या जागी मीही केली नसती.

ग्रामसभेला नाना आले. नोकरीचे चार दिवस उरले होते. सरपंचांनी नवा ठराव वाचला आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"म्हणजे चांगली जमीन आम्हाला सोडताय न् धोंडे तुम्ही घेताय?" आक्का म्हणाली. "सरकार कवापासून असं करायला लागलं?"

"खाली काय निघालं का?" मागून एकानं विचारलं. "सोनं-बिनं?"

"खाली नाही," नाना म्हणाले. "वर."

एक जण उठला. खडीवाला गावाला डांबरी रस्ता करून देणार व्हता, म्हणाला, त्याचं काय?

"कुठवर जाणार व्हता रं तुझा रस्ता?" आक्कानं विचारलं. "त्याच्या खाणीपत्तूरच ना?" लोक हसले. मग ती नानांकडे वळली. "पाडसांचं म्हणताय व्हय तुम्ही? मग तसं सांगा ना. आम्हाला लहानपणापासून ठाव हाय, त्या धोंड्यांत मेंढरं घालत नाय आम्ही. तुमच्या कागदालाच ठाव नव्हतं."

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. नानांनी फेरमोजणी एका दिवसात उरकली, न झोपता, आणि शेवटच्या दिवशी नकाशावर सही केली. निरोप समारंभात बोलायला उभे राहिले तेव्हा एवढंच म्हणाले, "माझी पावलं संपली. चुकली असतील तर बाई दुरुस्त करतील." शाल आणि नारळ काखोटीला मारून ते सिडकोतल्या घरी चालत गेले. वाटेत त्यांना कुणी हाक मारू नये म्हणून मी दोन शिपायांना दारातच अडवून धरलं.

माझी बढती दोन वर्षांनी आली. यायचीच होती. काम मी नीट करते.

स्कॅनिंगच्या मुलीनं बोलावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला नांदगावला जायचं होतं, वेगळ्याच कामाला. परतताना मी जीप माळाकडे वळवायला सांगितली. आता तिथं वनखात्याची पाटी आहे, बाकी गवतच आहे. आत जायची परवानगी लागते, ती मी घेतली नव्हती, म्हणून पाटीपाशी रस्त्याच्या कडेलाच उभी राहिले आणि डोळ्यांवर हात धरून नाल्यापर्यंत मोजत गेले. मग नानांना फोन लावला. ते आता तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात आणि म्हणे फरशीवर झोपतात.

"माळावर उभी आहे," मी म्हणाले.

 "दगड किती?" नानांनी विचारलं.

"तेरा."

"परत मोजा."

"नाही मोजत, नाना. जीप उभी आहे."

ते हसले असावेत. फोनमध्ये गवतासारखं काहीतरी वाजलं.

कचेरीत आले तर ती मुलगी अजून त्याच नकाशावर खोळंबलेली होती. "मॅडम, कालपासून अडकलंय. तेच विचारतंय. डाग साफ करू का, हो की नाही?"

"नाही म्हण," मी सांगितलं. "आणि पुढचा घे."